खिडकीच्या या बाजूला

एकतीस वर्षं मी ठाणे स्टेशनच्या आरक्षण खिडकीत बसले.
काचेला अर्धगोल भोक होतं,
त्यातून आधी हात यायचे,
चेहरे नंतर.
आता चरईतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर
पुतण्याने टाकून दिलेला लॅपटॉप
आणि समोर हेमावन्सं, मोड आलेले वाल सोलत.

आम्ही दोघी निघालोय. आधी पॅरिस, मग झुरिक.
मला सत्तर, त्यांना चौऱ्याहत्तर.
गुडघे मिळून दोन चांगले.

पास काढून झाला: महिन्याभरातले कुठलेही सात दिवस,
रात्री बाराला दिवस सरतो,
बारा वाजून एक मिनिटाला पुढचा खर्ची पडतो.
नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं म्हणून
हेमलता दत्तात्रय कारखानीस.
मधलं नाव अजून मामंजींचंच.

"झालं ना मग? पास आहे, चढायचं नि बसायचं."

मी खिडकीतल्या आवाजात म्हणाले
(मी निवृत्त झाले, तो झाला नाही)
"वन्सं, पास म्हणजे फक्त चढायचा हक्क.
जागेचं वेगळं. तिचे पैसेही वेगळे.
आणि पासवाल्यांना जागा मोजक्याच ठेवतात."

त्यांनी एक वाल चिमटीत दाबला.
साल ताटलीत, डाळिंबी पाण्यात.
"हे मला नको शिकवूस, वहिनी.
या घरात मी पासावरच आहे
बाबा गेल्यापासून."

लॅपटॉपचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

एकोणनव्वदचा मे.
भोकातून एक हात आला, कोल्हापूरच्या गाडीचा फॉर्म घेऊन.
मनगटावरचं घड्याळ ओळखीचं होतं, चेहरा बघायची गरज नव्हती.
शाळेतली नोकरी, वयात बसणारी शेवटची मुलाखत.
मी म्हणाले, वेटिंग त्रेचाळीस. पुढे कोण?
साहेबांकडे एक चिठ्ठी पाठवता आली असती.
मला नियम प्रिय होते.
शिवाय तेव्हा आमचं बोलणं नव्हतं,
कशावरून, ते आज दोघींनाही सांगता येणार नाही.
त्या दाराशी वर्तमानपत्र अंथरून रात्रभर गेल्या.
नोकरी लागली नाही.
वेटिंगमुळेच, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.
त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

पडद्यावर डब्याचा नकाशा उघडला,
गाडी न दिसता जागा दिसायला लागल्या.
"शेजारी शेजारी घेऊ, की समोरासमोर, मध्ये टेबल?"
"समोरासमोर नको गं. अठ्ठेचाळीस वर्षं तेच केलं."

शेजारी शेजारी निवडलं. कार्डाचा नंबर. ओटीपी.
चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग थांबलं.
या गाडीत पासधारकांसाठी जागा शिल्लक नाहीत.

हे वाक्य मी किती जणांना दिलं असेल.
सुट्टे पैसे द्यावेत तसं,
वर न बघता.
आता काचेत बघितलं तर
आतल्या बाजूला कुणीच नाही,
माझाच चष्मा.

"नाही म्हणते?"
"नाही म्हणते."
"मग? तू असतीस तर काय सांगितलं असतंस?"
मी नसतंच काही सांगितलं, वन्सं.
हे मनात म्हणाले की मोठ्याने, ठाऊक नाही;
त्यांनी वाल सोलायचे थांबवले होते.

मी खाली सरकत गेले. एक हळू गाडी सापडली.
दोनदा बदलायची, प्रत्येक गावाला थांबणारी,
आरक्षण नाही,
आधी येईल तो बसेल.
"तीच घे," त्या म्हणाल्या. "पोचू की."

रात्री बिरडं झालं. नारळ जरा जास्तच पडला.
झोपायला जाताना बघितलं तर त्यांच्या बॅगेत,
मोज्यांच्या वर,
रविवारची पुरवणी घडी करून ठेवलेली.
शब्दकोडं अर्धं सोडवलेलं.
मी काही विचारलं नाही.
त्याच म्हणाल्या अंधारातून,
"दोन पानं आहेत. पुरतील."